दागिने राहिले, वऱ्हाड गहाण पडलं

जून लागला की आमच्या तालुक्याच्या गावी सराफ्यात गर्दी होते. ती खरेदीची नसते. खरेदीची गर्दी दिवाळीनंतर, कापसाचे दोन वेचे घरात आले आणि कुणाकडे लग्न निघालं की होते. तेव्हा बायका पुढे असतात, माणसं मागे. जूनमध्ये माणूस एकटाच येतो. शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढतो आणि काही न बोलता काउंटरवर ठेवतो. सराफ कसोटीवर मणी घासतो, मण्यांत भरलेल्या लाखेचं वजन अंदाजानं वजा करतो आणि आकडा सांगतो. फार घासाघीस होत नाही. पाऊस कुणासाठी थांबत नाही आणि मागची बाकी फिटल्याशिवाय कृषी केंद्रवाला बियाण्याची पिशवी देत नाही.

आमच्या घरातून असा रुमाल चार वेळा गेला. त्यात मायची एकदाणी, म्हणजे गळ्यातली सोन्याच्या मण्यांची माळ होती, पटवेकऱ्यानं लाल रेशमात ओवलेली, तिच्या माहेराहून आलेली. तीन वेळा बाबांनी ती सोडवून आणली. चौथ्या वेळी मी नववीत होतो. त्या वर्षी तूर जळाली, कापसाला बोंडं धरली नाहीत आणि सावकारानं दिलेली मुदत गेली. एकदाणी परत आली नाही. वावर मात्र राहिलं. त्याच वावरात मी आजही पेरतो. मायनं पुढे कधी एकदाणीचा विषय काढला नाही. कुणी काढलाच तर म्हणायची, "सोनं पुन्हा होते बापा, वावर पुन्हा होत नाई."

वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात विचारा, हाच हिशेब ऐकायला मिळेल. आधी डाग, म्हणजे दागिना जातो, मग बैलजोडी जाते, जमीन अगदी शेवटी. ज्या घराची जमीन आधी गेली आणि दागिने तिजोरीत राहिले, त्या घराला गाव चांगलं म्हणत नाही.

२०१९ साली मुलीच्या परीक्षेसाठी दिल्लीला गेलो होतो. ती पेपरला बसली आणि मला दिवस मोकळा मिळाला. निजामाचे दागिने त्या वेळी दिल्लीत पाहायला ठेवले होते. पिशवी आणि मोबाइल बाहेर ठेवून, तपासणी होऊन आत गेलो. दालनात अंधार होता, उजेड फक्त काचेच्या पेट्यांत. बसऱ्याच्या मोत्यांचे सात पदरी हार, पाचूचे बाजूबंद, हिऱ्यांचे कमरपट्टे, शिरपेच, बटनं, जोडवी, अंगठ्या. सगळे मिळून १७३ नग. एका पेटीत नुसते न जडवलेले पाचू होते, वाटाण्याच्या ताज्या शेंगा सोलून ठेवाव्यात तसे हिरवेगार. आणि एका पेटीत एकटा जेकब हिरा, १८४.७५ कॅरट, छोट्या लिंबाएवढा. तो डोळे दिपवत नाही. त्याच्यात एक संथ, पाण्यासारखा उजेड आहे. आपण एक पाऊल सरकलो की तो उजेडही आतल्या आत सरकतो. मी त्या पेटीपुढे तीनदा जाऊन उभा राहिलो. सुंदर गोष्टीला सुंदर म्हणायला मला संकोच वाटत नाही. ज्या कारागिरांनी ते बाजूबंद घडवले, मागच्या बाजूला, जिथं कुणी पाहणार नाही तिथंही मीनाकाम केलं, त्यांचे हात डोळ्यांपुढे आणले की मान आपोआप झुकते.

पण तिथंच, त्या अंधारात, मला आमचा सराफा आठवला आणि मग डोकं दुसऱ्याच दिशेनं चालायला लागलं. दागिन्यांच्या पेट्यांवर जगभर साधारण एकाच पद्धतीच्या पाट्या असतात. रत्न कोणतं, वजन किती, घडण कुठली, काळ कोणता, कुणाच्या अंगावर होतं. पैसा कुठून आला हे लिहायची रीतच नाही. मला वाटतं, ही रीत आता मोडायला हवी. हे मी वऱ्हाडचा माणूस म्हणून हक्कानं म्हणतो, कारण या जवाहिरांच्या गोष्टीत वऱ्हाड पहिल्या पानापासून आहे.

निजामाचं आसफजाही राज्य उभं राहिलं तेच मुळी आमच्या मातीत. १७२४ साली पहिल्या निजामानं, निजामुल्मुल्कानं, मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खन आपल्या हाती घेतली, ती लढाई साखरखेर्ड्याला झाली. बुलडाणा जिल्ह्यातलं, सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव. पुढे कितीतरी वर्षं वऱ्हाडात दुअमली चालली. निजामाचे अंमलदार वसूल नेत आणि नागपूरकर भोसल्यांचेही नेत. कुणब्याच्या खळ्यावर दोन-दोन धनी उभे. १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अडगावला वेलस्लीनं भोसले-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, पाठोपाठ गाविलगड पडला आणि देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड इंग्रजांनी निजामाच्या पदरात टाकलं. त्यानंतर पन्नास वर्षं हा मुलूख मक्त्यावर दिला जात राहिला. दरबाराला पैसे उसने देणारे सावकार त्या बदल्यात इथला वसूल गोळा करत. ज्यानं जास्त बोली लावली त्याच्या हाती गावं, आणि त्यानं बोलीचे पैसे कुणाकडून काढायचे हे सांगायला नको.

मग आलं १८५३. निजामाच्या नावानं इंग्रजांनी उभी केलेली हैदराबाद कॉन्टिन्जंट नावाची फौज होती. तिच्यावर हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या डोक्यावर. तो पगार थकला, त्याचं कर्ज झालं आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं तगादा लावला. त्या कर्जापोटी आणि पुढच्या पगारापोटी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आमच्या भाषेत, वऱ्हाड गहाण पडलं. १८६० मध्ये नवा तह झाला आणि सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूरचा मुलूख निजामाला परत मिळाला. वऱ्हाड सुटलं नाही. कर्ज फिटलं तरी सातबारा सावकाराच्याच नावावर राहावा, तसं झालं.

इथं निजामाच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून जिवाचं रान केलं. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हाही त्यांच्या मनात हाच विषय होता. इंग्रजांनी दाद दिली नाही. कापसाचा मुलूख होता. रेल्वे आली होती, खामगाव-अमरावतीचा कापूस मुंबईच्या बंदरात जात होता. हातात आलेलं असं वावर कोण सोडतो? त्यामुळे सगळा दोष एकट्या निजामाचा आहे असं मी म्हणत नाही. मोठा सावकार इंग्रजच होता आणि फौज उभी करून तिचं बिल दुसऱ्याच्या माथी मारण्याची युक्तीही त्याचीच.

तरीही काही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. १८९१ साली सहाव्या निजामानं, मेहबूब अलींनी, अलेक्झांडर जेकब नावाच्या जवाहिऱ्याकडून एक हिरा घ्यायचं ठरवलं आणि अनामत म्हणून २३ लाख रुपये दिले. व्यवहार फिसकटला, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात खटला चालला, जेकब निर्दोष सुटला पण धंद्यातून उठला आणि हिरा शेवटी निजामाकडे आला. दिल्लीला पेटीत एकटा बसला होता तो हाच. तो गोवळकोंड्याचाही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत निघालेला आणि ॲमस्टरडॅमला पैलू पाडलेला आहे. मेहबूब अलींनंतर त्यांच्या मुलाला, सातव्या निजामाला, तो बापाच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि त्यानं कागदावर वजन म्हणून तो वापरला, असं सांगतात. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सगळे ती कौतुकानं सांगतात.

दुसरा आकडा फार कुणाला माहीत नसतो. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं त्याच मेहबूब अलींकडून वऱ्हाड कायमच्या मक्त्यानं घेतलं. वर्षाचं भाडं ठरलं २५ लाख रुपये. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि त्या वेळी जिल्ह्याची ठाणी असलेलं एलिचपूर अन् वाशीम, हा सगळा काळ्या मातीचा मुलूख वर्षाला २५ लाखांत. एका हिऱ्याची अनामत २३ लाख.

या दोन आकड्यांच्या मध्ये काय होतं? संवत १९५६ चा, म्हणून छपन्नचा म्हणतात तो दुष्काळ होता. १८९९ ला पाऊस गेला आणि वऱ्हाडची माणसं खडी फोडायला रोजगारावर गेली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. एरवी दहा वर्षांत वाढायची ती घटली. आमच्या पणजोबांची दोन भावंडं त्या साली गेली, एवढंच घरात सांगत आले, त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत. पणजोबांनी बायकोच्या अंगावरचं चांदीचं सगळं विकून ज्वारी घेतली होती. आणि जमीन टिकवली होती.

निजामानं याच्या बरोबर उलट केलं. दागिने ठेवले, नवे घेतले आणि जमीन कायमची सोडून दिली. माझ्या मते त्या दालनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. एखाद्या बाजूबंदात किती पाचू आहेत ते वाचून माणूस पुढे जातो. तेच घराणं १८५३ ला आणि पुन्हा १९०२ ला कोणत्या पेचात होतं, त्यानं काय राखलं आणि काय सोडलं, हे कळलं तर तो माणूस थांबेल. विचार करेल. आपल्या घरचा रुमाल त्याला आठवेल.

याला हिंदू-मुसलमान असा रंग देणाऱ्यांना मी आधीच थांबवतो. भोसल्यांच्या जामदारखान्यातही पैसा रयतेचाच होता. वऱ्हाडचा वसूल त्यांनीही नेला, बंगाल-ओरिसातून चौथाई आणली. फरक इतकाच की त्यांचे दागिने आज पाहायला उरले नाहीत. १८५३ च्याच डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, मुलगा नव्हता. डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल नागपुरात कवडीमोलानं लिलावात गेले आणि जवाहीर कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत विकलं गेलं. भोसले घराण्यातल्या राणी बांकाबाईंनी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. एकाच वर्षात विदर्भाच्या एका अर्ध्या भागाची जमीन गहाण पडली आणि दुसऱ्या अर्ध्याचं राज्य खालसा होऊन घरातलं सोनं विकलं जाण्याची वेळ आली. म्हणूनच एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजींची तलवार निघाली आणि राज्य सरकारनं ती ४७ लाख १५ हजारांना घेतली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्या तलवारीवर देवनागरीत त्यांचं नाव कोरलेलं आहे. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा मिरवणूक निघाली. तलवारीसाठी आपण हे केलं, योग्यच केलं. मग ज्या जवाहिरांत वऱ्हाडचा वाटा आहे, त्यांच्याबद्दल विदर्भात एकही आवाज का उठत नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

कारण ते जवाहीर आता कुणा नवाबाचे नाहीत. सातव्या निजामानं १९५१-५२ च्या सुमारास त्यांचे ट्रस्ट केले. पुढे ते विक्रीला निघाले, बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली आणि १९९५ मध्ये भारत सरकारनं २१८ कोटी रुपये देऊन ते घेतले. दिल्लीहून परतल्यावर हे सगळं मी मायला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे सरकारनं सोडवले ना? मंग सरकार म्हंजे आपनच." तिला ट्रस्ट कळत नव्हता, पण व्यवहार बरोबर कळला. सार्वजनिक पैशानं सोडवलेली वस्तू सार्वजनिक असते. ती वस्तू आज कुठं आहे? रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. तीस वर्षांत ती हैदराबादच्या आणि दिल्लीच्या लोकांना मोजक्याच वेळा, काही आठवड्यांपुरती दिसली. बाकी सगळा काळ अंधार.

हैदराबादकरांची मागणी आहे की दागिने कायमचे हैदराबादला द्या. मला ती मान्य आहे. ते शहर त्या घराण्याचं आहे. वस्तू ज्या गावच्या, त्या गावच्या माणसांना रोज पाहता याव्यात. पण त्या मागणीबरोबर दोन गोष्टी जोडल्या जाव्यात असं माझं म्हणणं आहे. पहिली, दागिन्यांशेजारी वसुलाचा हिशेब मांडला जावा. नुसत्या वऱ्हाडचा नव्हे, मराठवाड्याचा आणि तेलंगणाचाही, कारण त्यांनी तर १९४८ पर्यंत भरलं. दुसरी, काही वर्षांतून एकदा हा संग्रह, निदान त्यातला एक भाग, नागपूरला यावा.

गावात हे बोललो तेव्हा पहिलं उत्तर आलं, "इकून टाका अन् शेतकऱ्याइचं कर्ज फेडा." बोलणारा तरुण आहे, त्याच्या डोक्यावर सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज आहे, त्याचा राग खरा आहे. पण त्याच्याशी मी वाद घातला आणि इथंही घालतो. २०१७ साली राज्यानं जाहीर केलेली एकच कर्जमाफी ३४ हजार कोटींची होती आणि त्यानंतर दोनच वर्षांत दुसरी करावी लागली. उद्या जवाहिरांची बाजारात कितीही किंमत आली तरी ती एका हंगामात विरून जाईल. कर्ज पुन्हा होईल, कारण कर्ज होण्याची कारणं तिजोरीत नाहीत. ती कापसाच्या भावात आहेत, खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यात आहेत, वेळेवर न मिळणाऱ्या पीककर्जात आहेत. आणि विकलेली वस्तू कुठं जाते ते आम्हाला ठाऊक आहे. भोसल्यांचं जवाहीर गेलं तसं. मायची एकदाणी गेली तशी. तिच्या मण्यांचं पुढं काय झालं, कोणत्या मुशीत वितळले, कुणाच्या गळ्यात गेले, हे कुणीच सांगू शकत नाही. पुरावा म्हणून तरी हे दागिने राहायला हवेत.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. नागपूरला एवढी मौल्यवान वस्तू कशी ठेवणार? रिझर्व्ह बँकेचं सोनं मुंबईबरोबरच नागपूरच्या तिजोरीतही ठेवलेलं असतं. देशाचं सोनं जिथं सुरक्षित राहतं तिथं १७३ दागिने दोन महिने राहू शकत नाहीत, हे मला पटत नाही. दाखवायला जागाही आहे. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजबबंगला, १८६३ पासूनचं आहे. आमच्या शाळेची सहल तिथं गेली होती आणि आजही खेड्यापाड्यांतून एसटीनं मुलं तिथं येतात.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं घेत नाही, पण तो असतो. खेड्यातल्या माणसाला हिरे पाहून काय करायचं? यावर मला फक्त वैरागडचं नाव घ्यायचं आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं हे गाव. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. ज्या प्रदेशातून हिरे निघाले आणि ज्या प्रदेशाच्या वसुलातून हिरे घेतले गेले, तिथल्या माणसांना हिऱ्यातलं काय कळतं असं म्हणणं चुकीचं आहे. शिवाय सोनं-दागिने आमच्या बायकांइतके बारकाईनं कोण पाहतं? दिल्लीला माझ्याबरोबर माय असती तर मोत्यांच्या हाराचा दोरा कोणत्या गाठीनं ओवलाय हे तिनं काचेतून ओळखलं असतं. मला ते दिसलंच नाही.

पाटीवर काय लिहायचं, हे मी घरी वहीत लिहून ठेवलं आहे. जेकब हिऱ्यापुढची पाटी अशी असावी: हा हिरा १८९१ साली घ्यायचा ठरला, अनामत २३ लाख रुपये. त्या वेळी या राज्याचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गहाण होता. १८९९ मध्ये वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला. १९०२ मध्ये तो प्रांत वर्षाला २५ लाख रुपये भाड्यानं कायमचा देण्यात आला. बस, एवढंच. विशेषणं नकोत, कुणाला दोष नको. शेजारच्या पेटीत वऱ्हाडातल्या कुणब्याच्या घरचा एक डाग ठेवावा. एखादी एकदाणी, डोरलं, किंवा चांदीचे वाळे, आणि मिळालं तर जुनं गहाणखतही. अशी मोडीतली खतं गावोगावच्या जुन्या पेट्यांत अजून निघतात, वाळवी लागण्याआधी ती कुणीतरी मागायला हवीत.

आणि प्रदर्शन जूनमध्ये ठेवू नये. जानेवारी-फेब्रुवारीत ठेवावं. तोवर तूर निघालेली असते, कापसाचे पैसे थोडेफार हातात असतात, थंडी सरत आलेली असते. अकोल्याहून, यवतमाळहून माणूस सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी येऊ शकतो. पाट्या मराठीत असाव्यात, अक्षर मोठं असावं आणि म्हाताऱ्या माणसांना टेकायला दालनात बाकडी असावीत. माझी माय आता ऐंशीच्या पुढे आहे, तिला जास्त वेळ उभं राहवत नाही.